'वेलकम'च्या पुढं
डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला कुंभारवाड्याहून जोयड्याला जाणारी ती जीप आठवते. बायको गेली त्याच वर्षी घरातला कॉम्प्युटर बंद पडला. ट्रंकेतल्या तिच्या लुगड्यात गुंडाळून तो मी मांडीवर घेतला होता, आणि रानातल्या प्रत्येक वळणावर लुगड्याचा वास नाकात शिरत होता. जोयड्यातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातली बाई म्हणाली, "काका, ह्याच्यात विंडोज आता चालायचं न्हाई. लिनक्स घालते." मी म्हटलं, "घाल बाई, पर तिचा घरखर्चाचा प्रोग्रॅम चालला पायजे." तो विंडोजचाच होता. तीच चालवायची, मी कधी डोकावलोही नव्हतो. बाईनं मध्ये आणखी एक प्रोग्रॅम घालून बरीच खटपट केली तेव्हा दुपारी तो उघडला, पण इंग्रजी 'वेलकम'पुढं नावाच्या जागी नुसते चौकोन दिसत होते. "मराठी अक्षरं न्हाईत ह्यात," म्हणत तिनं तीही घातली, आणि चौकोनांच्या जागी उमटलं, 'अहो'. प्रोग्रॅमनं पहिल्यांदा घरच्या कर्त्याचं नाव विचारलं तेव्हा नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं म्हणून बायकोनं कॉम्प्युटरलाही ते सांगितलं नव्हतं. "तुमचं नाव घालू व्हय, काका?" बाईनं विचारलं. मी म्हटलं, "नको, ऱ्हाऊ दे." आता एकट्याचा लिहिण्याजोगा खर्च तो काय असणार, तरी रोज दिवेलागणीला मी तो प्रोग्रॅम उघडतो आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून ओ देतो.