गुरूच्या वाटेवरचे दाणे

ज्वारीचे ते दाणे सांडलेले नव्हते, मी मुद्दाम चिकटवले होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी नववीत होते. नारायणगावला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं आणि आमच्या आणे गावाहून मी प्लायवूडची फळी मांडीवर धरून एसटीने गेले. निवड झाली तर पुण्याला जायला मिळणार होतं. पुणं मी पाहिलं नव्हतं आणि मला जायचंच होतं.

फळीच्या मधोमध सूर्य, भोवती रिंगण, रिंगणावर गुरू म्हणून लिंबू. त्याच रिंगणावर लिंबाच्या पुढे आणि मागे दाण्यांचा एकेक पुंजका. गुरूच्या वाटेवर असे लघुग्रह फिरतात, हे पेपरच्या पुरवणीत वाचलं होतं. सूर्यापासून गुरू जितका लांब, तितकेच ते गुरूपासून लांब. वडिलांना हे सांगितलं तर ते खळ्यातली दोरी घेऊन आले. खळं आखताना मधल्या मेढीला, म्हणजे खांबाला, दोरी बांधून रिंगण मारतात. तसं रिंगण त्यांनी अंगणात मारलं आणि तीच दोरी, तितकीच लांब, रिंगणावरच्या एका खुणेपासून पुढे ताणली, मग मागे. म्हणाले, "हितं पुढला, तितं मागला. झालं की!" फळीवर मी तसंच सुतळीने मोजलं.

परीक्षकांनी नखाने दोन दाणे खरवडून पाडले. "हे काय सांडलंय?"

"सर, लघुग्रह आहेत."

"ग्रहाच्या वाटेत? धडक होईल ना! काढ ते, मग तुझं नाव लिहितो."

पुणं अगदी हाताशी आलं होतं. पण माझं डोकं फिरलं. "सर, आमच्या मेंढरांच्या पुढं वडील चालत्यात, मागं चुलता. दिसभर एकच वाट. चाल सारखी असली की कुनी कुनाला धडकत नाय." आणि पडलेले दोन्ही दाणे उचलून, थुंकी लावून, त्यांच्यादेखत परत जागेवर बसवले.

त्यांनी नाव लिहिलं नाही. मला राग आला. अजून येतो.

घरी पोचले तेव्हा वडील खळं आखत होते. "निवड झाली?"

"नाय. दाने काढ म्हनले."

"काडलं?"

"नाय."

त्यांनी पुन्हा दोरी ताणली, मला रिंगणावर आपल्यापासून एक दोरीभर पुढे उभं केलं आणि म्हणाले, "चल." मी रडत चालत होते. मागून ते त्याच चालीने येत होते आणि फेरी पुरी झाली की ओरडून विचारत होते, "धडकलो का?"

पहिल्या फेरीला मी नुसती मान हलवली. चौथ्या फेरीचं माझं "नाय!" पलीकडच्या वस्तीवर ऐकू गेलं.