हे उघडच आहे

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला काऊन सांगून राह्यलो, ते माझं मलाच कळत नाही.

आमचं गाव घुग्घुस. तिथून निघून मी मोठ्या संस्थेत प्राध्यापक झालो. विषय लिलावाचा — म्हणजे बोली लावणाऱ्याला खोटं बोलून काही फायदा होऊ नये, असे नियम गणितानं रचायचे आणि ते पक्के आहेत हे सिद्ध करायचं. हसा बाप्पा, हसा. मला हसू येत नाही.

माझं नाव झालं ते एका सिद्धतेवर. तिच्यातली एक पायरी मला काही केल्या जमेना. मग तिथं मी लिहिलं — 'हे उघडच आहे'. आमच्यात तशी रीतच आहे. मोठ्या माणसानं असं लिहिलं की विचारणाऱ्यालाच लाज वाटते.

विचारलं ते सुजातानं. नागभीडची, माझ्याकडे पीएच.डी. करायची. त्यांच्या घरात एवढं शिकणारी पहिलीच. सुट्टीत मी गावी होतो, तर ती घरीच आली. अंगणातल्या फरशीवर तिनं खडूनं तीन बोली मांडल्या, त्यात खोटं बोलणाराच फायद्यात निघाला आणि माझी पायरी कोसळली. मला लगेच कळलं. हो, लगेच!

"सर, माहं काई चुकून राह्यलं का?"

काय अडलं होतं 'नाही' म्हणायला? भ्यालो. दुसरं काही नाही. म्हणालो, "उघडच आहे ते, पोरी. तुले अजून समजलं नाई." ती गेल्यावर बादलीभर पाणी ओतून फरशी धुतली.

तिनं विश्वास ठेवला. पुढं कितीतरी वर्षं ती माझी खोटी पायरी खरी करायला झुरत राहिली. जे खोटंच, ते सिद्ध कसं होणार? आणि मी बघत होतो — रोज! शेवटी, आपलंच डोकं कमी पडते म्हणत ती सारं सोडून गावी गेली.

आता चूक जाहीर केली तर लोक माझ्याच प्रामाणिकपणाचं कौतुक करतील. तिची वर्षं कुठून आणू? — पण जाहीर तरी कुठं केली? लिहायला बसतो अन् उठतो. लाज वाटते, तरी उठतोच.

परवा तिचा फोन आला. नागभीडला शिकवणी घेते. आवाज खुशीत होता.

"सर, तुमचे उपकार आहेत. मले हे समजत नाई, हे तुम्ही तेव्हाच सांगतलं होतं. मीच ऐकलं नाई."

मी म्हणालो, "होते असं, पोरी."