कवा दुखते ते सांग

"कुठं दुखते ते नको सांगू. कवा दुखते ते सांग."

शेलूबाजारला बाजाराच्या दिवशी माझ्या मेडिकलच्या ओट्यावर बसून मावशी प्रत्येकाला हेच विचारायची. जवळच्या खेड्यातून काळीपिवळी जीपने यायची आणि लोकांचे खांदे, कोपरं, मनगटं चोळून द्यायची. तेल ज्याने त्याने आणायचं. औषधाच्या दुकानासमोर तिने बसणं म्हणजे माझ्या पोटावर पाय, पण तिला उठवायची माझी छाती झाली नाही. खरं सांगायचं तर बाजाराच्या दिवशी मी तिची वाट बघायचो.

एकदा सोयाबीन सोंगून एक बाई कोपर धरून आली.

"कपडे पिळताना दुखते?"

"हो. पाण्याचा भरला गंज उचलताना बी."

मावशीने कोपराच्या बाहेरच्या अंगाला अंगठा टेकवला, बाई कळवळली.

"इळ्याची मूठ लई आवळून धरत असशीन. हाताले पंधरा दिवस सुट्टी दे."

"सुट्टी? मावशी, तुले काय जाते बोलाले!"

दोघी हसत सुटल्या.

आमच्या शाळेच्या मास्तरांचा हात वर जाईना. सदऱ्याच्या बाहीत हात घालताना जीव जातो, त्या कुशीवर झोपता येत नाही, म्हणाले. मावशीने त्यांनाही सोडलं नाही. "दुखते म्हणून तुमी हात हलवला नाही, अन् हलवला नाही म्हणून तो आखडला. आता रोज भितीवर बोटं चालवत वर न्या." पुढचे कित्येक बाजार मास्तर माझ्या दुकानाच्या भिंतीशी उभे असत. हात पोचेल तिथे खडूने रेघ मारत. मी रंग नुकताच दिला होता, पण मास्तरांना बोलणार कोण?

कुठे थांबायचं हेही तिला कळायचं. गाडीवरून पडलेला एक जण सुजलेलं मनगट घेऊन आला, तर तिने नुसतं पाहिलं आणि तेलाची बाटली परत दिली. "हे हाड हाय. याले मी हात लावत नाही. फोटो काढून घे." अशी अक्कल शिकलेल्यांतही रोज दिसत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल.

गेल्या हिवाळ्यात एका बाजारी ती स्वतःच काउंटरशी आली.

"भाऊ, डाव्या खांद्याले लावाले एखादी ट्यूब दे."

"तुला? तू तर जगाला चोळतेस!"

"चोळून पाह्यलं. हात कसाबी फिरवला तं काई होत नाही. स्टँडवरून इथपर्यंत चालत आली का भरून येते, पार कोपरापर्यंत. बसली का जाते."

काउंटरवर गर्दी होती. मी ट्यूब काढून दिली.

"वय झालं, मावशी."

"तेवढंच ना रे?"

"तेवढंच." आणि मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो.

पुढच्या बाजाराला ओटा रिकामा होता. चार दिवसांपूर्वी अंगणातच छातीत कळ येऊन ती गेली, असं काळीपिवळीवाल्याने सांगितलं. हात हलवून न दुखणारा आणि चार पावलं चालताच भरून येणारा खांदा हे खांद्याचं दुखणं नसतं, काळजाचं असू शकतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आयुष्यभर तिने लोकांना जे विचारलं, ते तिने मी न विचारताच मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

तेरवीचं सांगायला तिची सून आली. मी खुर्ची पुढे केली, पण मला तिच्याकडे बघवेना.

"आमी दवाखान्यात नेतच होतो," ती म्हणाली. "पण बुढी म्हने, कायले? मेडिकलवाल्या भाऊनं सांगतलं, काई नाही म्हणून."

ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. तिने पदर सावरला आणि मला हात जोडले.

"तेरवीले या, भाऊ. बुढीचा तुमच्यावर लई भरोसा होता."