चिंचेने घासलेलं नाव

देवाची भांडी चिंचेने घासताना दुबईच्या देरा भागातली ती खोली आठवते. तिथे आमच्या गावच्या, दारू सोडलेल्या माणसांचं मंडळ होतं. भिंतीवर पितळी पत्रा, त्यावर लढाईत पडलेल्या गावच्या शिपायांची नावं. दर शुक्रवारी प्रत्येकाने आपल्या वाट्याचं एक नाव घासायचं.

मंदीत ह्यांची नोकरी गेली आणि सोडलेली दारू हे परत प्यायले. त्या शुक्रवारी दारातूनच म्हणाले, "चाचा, मला मंडळातून काढा."

मंडळ चालवणाऱ्या याकूबचाचांनी चिंचेचा गोळा पुढे केला. "ते मागाहून बघू. तुझा शिपाई काळा पडलाय. यल्ला, चल, बस घासायला."

हे रडत घासत राहिले. मागे उभ्या असलेल्या मला तेव्हा लाज वाटली होती.

त्यानंतर हे कधीच प्यायले नाहीत. पत्रा आता गावच्या स्मारकावर आहे. ह्यांच्या वाट्याचं नाव त्यात सगळ्यात जास्त झिजलंय.