बारागाड्या ओढणारे व्याही

सरकारने खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. त्या दोन्हींत मिळून आमच्या व्याह्यांइतका भरवसा ठेवायला कठीण माणूस देवाने दुसरा घडवला नसेल. मी शिकलो मराठी तिसरी, तीही अर्धी. पण माणूस ओळखायला शाळा लागत नाही. बैलबाजारात मला आजवर कोणी फसवले नाही, आणि पंचायतीत माझ्यासमोर खोटी शपथ घेऊन कोणी सुखाने घरी गेला नाही. या एका माणसापाशी मात्र माझी अक्कल वर्षानुवर्षे उंबऱ्यात ताटकळत उभी राहिली. तिला ना आत जाता आले ना बाहेर.

व्याही होण्याआधी कितीतरी वर्षे मी त्यांना ऐकून ओळखत होतो. आमच्याकडे जत्रेला बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या एकामागे एक दोरखंडाने बांधायच्या, त्यांत माणसे कोंबायची, बैल सोडून द्यायचे आणि पुढच्या गाडीचे जू एका माणसाने खांद्यावर घ्यायचे. आधाराला दोघे जण त्याच्या बगलेत असतात, बाकी सगळा भार त्याचा आणि देवाचा. ओढणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. कुणाच्या गाड्या उताराने जातात, कुणाच्या चाकांना शेरभर वंगण असते, आणि मागच्या गाडीला हात लावणारी भाविक मंडळी तर प्रत्येक गावात असतात. पण सोनगीरकडचा तो भगत, म्हणजे गाड्या ओढणारा, निराळा, असे लोक सांगत. त्याला म्हणे उतार लागत नाही. त्याने म्हणे एकदा भर चढावर गाड्या नेल्या. त्याच्या खांद्यावर म्हणे बैलासारखा घट्टा आहे, आणि तो निजला की त्याच्याखालची बाज जमिनीत रुतते. एवढी 'म्हणे' एका माणसाच्या अंगाला चिकटली की मला पहिल्यापासून त्या माणसाचाच वास येऊ लागतो.

आणि याच माणसाच्या मुलाचे स्थळ माझ्या द्वारकीला आले. आणणारा माझा मेहुणा, धुळ्याला राहणारा. द्वारकीची आई ती लहान असतानाच गेली, माझ्या अक्काने, म्हणजे थोरल्या बहिणीने, तिला वाढवले. पोर गुणाची, पण तिची एक खोड अशी की उपाशी असली तरी 'जेवले' म्हणणार. काटा मोडला तरी 'काही नाही' म्हणणार. अशी मुलगी जवळच्या गावात दिली तर बापाला चार दिवसांनी डोकावून चेहरा तरी पाहता येतो. आमच्या भाऊबंदांत तोवर कोणी नशिराबादच्या पलीकडे मुलगी दिली नव्हती, आणि हे निघाले पार आग्रा रोडवर. तिथे तिला कुणी छळले तर मला कळणार कुठून? ती तर सांगायची नाही. म्हणून मी मनाशी एक माप ठरवले. ज्या घराची एवढी मोठी गोष्ट खोटी, त्या घराची माणसेही खोटी. गोष्ट खरी निघाली तर मुलगी द्यायची, नाहीतर मेहुण्याला तिथेच सोडून परत फिरायचे.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात एक काडीसारखा म्हातारा गोठ्यातले शेण काढत होता. मी त्याच्या हातात छत्री दिली आणि म्हटले, "आबांना सांग, जळगावकडचे पाहुणे आले." त्याने छत्री नीट कोपऱ्यात ठेवली, हात धुतले, आत गेला आणि पागोटे घालून बाहेर आला. समोर बसला आणि म्हणाला, "सांगं त्यासले. आते बोल."

मेहुण्याने माझ्या पायावर पाय दिला. मला लाज वाटली नाही, शंका आली. हा? याने बारा गाड्या ओढल्या? याचे दंड गवारीच्या शेंगेसारखे, मान कोंबडीची. शिवाय पहिल्याच वाक्यात मला 'तू'! मेहुणा मागाहून सांगत होता की तिकडच्या बोलीत देवालासुद्धा तूच म्हणतात. असेल. मी देव नाही, मुलीचा बाप होतो.

चहा आला, गूळ-शेंगदाणे आले, आणि हे गृहस्थ मला वरपासून खालपर्यंत असे न्याहाळू लागले की जणू मीच सोयरिकीला उभा आहे. शेवटी म्हणाले, "पावनेदोन मन." म्हणजे माझे वजन! त्यांना हीच खोड होती. माणूस दिसला की नाव-गाव विचारण्याआधी ते वजन सांगत. आणि तेही दोन तऱ्हांचे, एक अंगाचे आणि एक बसण्याचे. गावच्या तलाठ्याला त्यांनी तोंडावर सांगितले होते म्हणे, की तू आहेस दीड मणाचा, पण बसतोस चार मणांचा. "लोके गाडीमा बठतस ना," ते मला समजावू लागले, "कोनी फूलसारखा बठस, कोनी धोंडासारखा. वजन बठ्ठं अंगमा नही ऱ्हास, याही." अजून सोयरीक जुळायची होती आणि यांनी मला याही, म्हणजे व्याही, म्हणून टाकले! इतकी घाई चांगल्या स्थळाला नसते, असे मी मनात टिपून ठेवले.

मी विचारले, "मग गाड्या ओढायच्या सोडल्या कशाला?"

"लोके जड झायात," ते म्हणाले. पूर्वी माणसे देवाला भिऊन गाडीत चढत, तेव्हा ती हलकी असत. पुढे गंमत बघायला चढू लागली. मग त्यांनी जू खाली ठेवले ते ठेवलेच.

उत्तर फार गोड होते. गोड उत्तराच्या तळाशी मी नेहमी बोट घालून पाहतो. आम्हाला मुक्कामाचा आग्रह झाला, मीही राहिलो. हेतू एकच, खांद्यावरचा घट्टा पाहायचा. चैत्राचा उन्हाळा, पण म्हाताऱ्याच्या अंगातली जाड बंडी निघेल तर शपथ! निजताना बंडी. सकाळी मी आंघोळीच्या दगडाजवळ दात घासत मुद्दाम रेंगाळलो, तर हा माणूस बंडीसकट आंघोळीला बसला. मला वाटले, झाले, चोर सापडला. मी मेहुण्याला बाजूला घेऊन म्हटले, "छत्री काढ. निघायचे."

"दाजी, अहो मुलगा तरी पाहा," मेहुणा कळवळून म्हणाला. "मुलगा पाहायला आलोय आपण. म्हाताऱ्याशी कुठे लग्न लावायचंय?"

"मुलगा याचाच ना? मग याला पाहिला म्हणजे तो पाहिला."

आमचे हे बोलणे म्हाताऱ्याने ऐकले असावे, कारण तो अंगातल्या बंडीची टोके पिळत तसाच माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मीही मग आडपडदा ठेवला नाही. म्हटले, "आबा, राग मानू नका. तुमच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या. माझी एकच मुलगी आहे. बारा नको, एक गाडी माझ्यासमोर ओढून दाखवा. मुलगी दिली."

मेहुण्याने कपाळाला हात लावला. म्हातारा मात्र खुलला. म्हणाला, "वढस. पन गाडीमा तूच बठ. मानूस गाडीमा कसा बठस ते देखी लिधं का त्यानं घर देखानी गरज नही." म्हणजे पाहा! मी त्याची परीक्षा घेणार होतो आणि तो माझी. अपमान वाटला, पण नुसते ऐकून घ्यायला मी काही तलाठी नव्हतो. चढलो.

आणि मी मुद्दाम जड बसलो, हे सांगायला मला संकोच नाही. दोन्ही पाय रोवले, दोन्ही हातांनी गाडीचे खुंटे धरले, दम धरून ठेवला. म्हाताऱ्याने जू खांद्यावर घेतले. गाडी हलेना. मी मागे वळून पाहिले.

"मांगे काय देखस, याही? मांगे कोनी नही शे."

खरोखर कोणी नव्हते. सारे गाव पुढे जमले होते. मुलगा धावत आला तर म्हातारा त्याच्यावर ओरडला, "हात लावू नको रे!" आणि मग चाक कुरकुरले. गाडी अंगणातून बोळात आली. बोळातून रस्त्याकडे निघाली. मी मागे पाहिले, खाली पाहिले, चाकाशी पाहिले. कुठे हात नाही, पहार नाही, काही नाही. पुढे पाहिले तर ओली बंडी खांद्यावरून घसरलेली, आणि मानेच्या खाली घट्टा. काळा, खुरासारखा. आता घट्टा काय, पाण्याची कावड वाहिली तरी पडतो, हे मला त्याही वेळी सुचले. पण त्या घट्ट्याच्या मागून श्वासाचा जो आवाज येत होता, तो कावडीचा नव्हता. बोळ संपतो तिथे थोडा चढ आहे. तिथे म्हाताऱ्याचा पाय मातीत सरकला. तो पुन्हा रोवला, पुन्हा सरकला, आणि मी खाली उतरलो.

पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणून उतरलो. तेव्हाही मी हेच सांगितले आणि आजही सांगतो.

म्हाताऱ्याने जू खाली ठेवले, धोतराच्या सोग्याने तोंड पुसले आणि म्हणाला, "उतरना कसाले? मी थकेल नव्हतू."

"मुंग्या आल्या पायाला."

"चढ उना तवय आल्यात का मुंग्या?" आणि तो सगळ्या गावासमोर हसला. मग हात जोडले. "याही, तुन्ही आंडेर माले दी." आंडेर म्हणजे मुलगी. माझ्या कानाला तो शब्द कसासाच लागला, पण मी मान हलवली.

घरी आल्यावर अक्काने विचारले, "पोरगा कसा आहे?" तेव्हा लक्षात आले की ते पाहायचे राहूनच गेले. मी म्हटले, "बाप अडला की धावत येतो. पुष्कळ झाले." अक्का आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

लग्न झाले, मुलगी गेली, आणि माझ्या शंका मात्र माहेरीच राहिल्या. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्या बोळात कोणी नसताना एक लिंबू ठेवून पाहिले, उतार आहे का म्हणून. एकदा ते इकडे घरंगळले, एकदा तिकडे. तिसऱ्यांदा ठेवणार तोच व्याह्यांनी ओसरीवरून हाक मारली, "याही, लोनचं घालाले ऱ्हाऊ दी ते!" द्वारकी पहिल्यांदा घरी आली ती अंगाने भरलेली. मला वाटले, दाखवायला म्हणून चार दिवस खाऊ घातले असेल. ती सांगे, शेतात जाताना आबा मला गाडीत बसवतात आणि आपण बाजूने चालतात. अधूनमधून विचारतात, 'बठनी का बरोबर?' मी म्हटले, "तुझे वजन करत असतील." ती हसली. तिच्या बोलण्यात आता 'शे' आणि 'बठ्ठं' येऊ लागले होते. "बाबा, तठे बठ्ठं बरं शे," ती म्हणे, म्हणजे तिथे सगळे बरे आहे. पण मी म्हटले ना, ही उपाशीपोटी 'जेवले' म्हणणारी पोर. तिच्या 'बरं शे'वर मी विसंबू कसा? दर वेळी मी तिचा चेहरा पाही, आणि दर वेळी चेहरा बरा दिसे, आणि चेहऱ्यावरही विश्वास ठेवावा की नाही हे मला ठरवता येत नसे.

व्याही थंडीत गेले. निरोप आला तेव्हा मला ताप होता, जाणे झाले नाही. नंतर भेटून आलो, तेव्हा घरात माणसांची गर्दी होती आणि द्वारकी चुलीपाशी होती, तिच्याशी बोलणे असे झालेच नाही. ती मला भेटली ती आखाजीला. आखाजी म्हणजे आमच्याकडे लेकींचा सण. गावातल्या साऱ्या पोरी माहेरी आल्या होत्या, निंबाला झोके बांधले होते, गाणी चालली होती. आमची मात्र दारात बसून राहिली. जवळ गेलो तर डोळ्यांना पाण्याची धार.

इतक्या वर्षांची शंका एकदम उभी राहिली. विचारले, "सासू काही बोलली?"

"नाही."

"जावई?"

"नाही हो बाबा."

"मग? जेवलीस का?"

"नाही जेवले," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा म्हणाली. "आबा नाहीत आता घरात. निघताना गाडीत बसले तर बाजूने कोणीच चालेना." आणि लहानपणी आईसाठी रडली होती तशी हुंदके देऊन रडू लागली.

मी तिच्या शेजारी बसलो. पोर इतकी वर्षे खरे सांगत होती तर. तिथे तिला सुख होते, आणि त्या काडीसारख्या माणसाने मला कुठेच फसवले नव्हते. मला हायसे वाटायला हवे होते, आणि वाटलेही. अक्काने पुरणपोळीचे ताट आणून ठेवले, मी द्वारकीला दोन घास भरवले. झोक्यावरच्या पोरींनी हाका मारल्या, तशी ती डोळे पुसून गेली. मी दारातच बसलो. तिचे ते रडणे माझ्या डोळ्यांपुढून हलेना. एक नवीच शंका तेव्हा मनात शिरली, ती अजून आहे. माझ्या मागे ही माझ्यासाठी इतकी रडेल का? तिला विचारावे म्हणतो. पण ती 'हो' म्हणेल, आणि मग पुन्हा तेच.