एरंडेलात परतलेला हिरडा

कळंबच्या वैद्यबुवांनी मला फसवलं आणि माझ्या आईनं त्यांना साथ दिली. आज शेजारी कोणीतरी एरंडेलात बाळहिरडे परतत होतं, त्या कडवट, तेलकट वासानं ते सगळं पुन्हा वर आलं. आईचं पोट सारखं दुखायचं. तिच्यासाठी असाच परतून कुटलेला हिरडा आणायला मी वैद्यबुवांकडे जायचो. एकदा मी पैसे काढले, तर त्यांनी माझा हात धरला. "राहू दे." मी भडकलो. "काहून? फुकट घ्यायले मी भिकारी हाय का?" "पैशाचं सोड बाबू, मायजवळ बसत जाय जरा," एवढंच म्हणून ते खाली मान घालून खलबत्त्यात हिरडे कुटत राहिले. आई गेल्यावर, दहाव्याला, ते मला म्हणाले, "पोटात गाठ होती, माह्या हाताले लागली होती. तिनंच शपथ घातली, पोराले सांगू नका, तो मले इलाजाले नागपूरले नेईन अन् त्यापायी दुकान इकून टाकीन." हो, विकलंच असतं. रिकाम्या हातांनी उभं केलेलं दुकान मी पुन्हा उभं केलं असतं. दुकान माझं होतं, आई माझी होती, मग मला न विचारता हा सौदा तुम्ही दोघांनी कसा केला? ती आता बोलणार नाही. वैद्यबुवा, तुम्ही बोला.