वरमाईच्या आधी सुई नाही

मागच्या हिवाळ्यात माझ्या विहीणबाई निमोनियाने जवळजवळ गेल्याच होत्या. नाकाला ऑक्सिजनची नळी, हाताला सलाईन, आणि शुद्धीवर आल्याबरोबर पहिली चौकशी काय केली, तर मला जेवायला कोण वाढतं. मी म्हटलं, माझं मी वाढून घेते, तुम्ही आधी नीट श्वास घ्या.

विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेच्या आई. नवरा गेल्यावर एकुलत्या एक लेकीने त्यांना दिल्लीला आणलं. माझ्या मुलाचं क्वार्टर लक्ष्मीबाई नगरात, दोन खोल्यांचं. त्यातली एक खोली आम्हा दोघींची. दोन विहिणींना एका खोलीत ठेवावं, हे फक्त माझ्या मुलालाच सुचू शकतं. त्याला ऑफिसातही असलीच कामं देत असतील.

विहीणबाईंना आधीच दमा. डॉक्टरने यंदा दसऱ्यालाच सांगून ठेवलं की दोघींनीही निमोनियाची लस घ्या, आणि दिवाळीच्या आत घ्या, कारण नंतर या शहराची हवा डोळ्यांना दिसायला लागते. लस घेतली म्हणून निमोनिया कधीच होणार नाही असं नाही, पण झाला तर जिवावर बेतण्याची भीती कमी होते. मग विहीणबाईंकडे बघून म्हणाला, "माताजी, पिछली बार बच गईं. दुबारा रिस्क मत लीजिए." सून तिथेच पदराशी चाळा करत बसली होती. मागच्या वर्षी हॉस्पिटलच्या बाकावर तिने जे दिवस काढले, ते तिच्या तोंडावर दिसत होते.

सुनेने सुट्टी काढली आणि आम्हा दोघींना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. लस टोचणारी नर्स हरियाणाची, आवाज बस कंडक्टरसारखा. तिने विचारलं, पहले कौन?

विहीणबाईंनी माझ्याकडे हात केला. "पहले ये. लड़केवाले हैं."

नर्स म्हणाली, "माताजी, टीका लगना है, फेरे नहीं."

मला हरकत नव्हती. मी बाही वर केली. पण दोन दिवस माझं अंग दुखत होतं, ते मी कुणाला बोलले नव्हते. दुखणं सांगितलं की सून खिचडी करते. नर्सचा हात दंडाला लागला आणि ती थांबली. थर्मामीटर लावला तर चांगला ताप. बुखार उतर जाए तब आना, म्हणाली.

आता विहीणबाईंची पाळी. त्या तोवर पर्स घेऊन दारात. वरमाईच्या आधी मी सुई घ्यायची, हे बरं दिसत नाही, म्हणाल्या. सून रडकुंडीला आली. "मम्मी, लग्नाला पंधरा वर्षं झाली गं."

"मान काय जुना होतो का?" विहीणबाई म्हणाल्या आणि रिक्षावाल्याशी भाव करायला लागल्या. इतक्या खुशीत मी त्यांना हॉस्पिटलमधून सुटतानाही पाहिलं नव्हतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण भ्यालेलं माणूस मला ओळखता येतं. बाई सुईला भीत होती. हॉस्पिटलात तिचे दोन्ही हात टोचून टोचून काळेनिळे झाले होते, ते मी पाहिलं होतं. भीती वाटते असं सांगायची लाज, म्हणून मान पुढे केला.

माझा ताप उतरला, पण कणकण जाईना. नर्सने मला अजून थांबायला सांगितलं. विहीणबाई म्हणाल्या, मग दिवाळीनंतर दोघी बरोबरच जाऊ. गल्लीत पोरांनी फटाके उडवायला सुरुवात केली होती आणि विहीणबाई खिडकीला ओला टॉवेल लावून खोकत होत्या.

मी सुनेला म्हटलं, उद्या अर्धा दिवस रजा टाक. आणि पिशवीत पितळेची छोटी परात आणि थर्मासमध्ये गरम पाणी भरून घेतलं. विहीणबाईंना वाटलं मला दाखवायला चाललोय आणि थर्मासमध्ये चहा आहे.

लग्नात मुलीची आई वरमाईचे पाय धुते, ही आमच्याकडची रीत. त्यांनी माझे धुतले होते. पाणी गार होतं आणि मी तसं बोललेही होते, कारण ते गारच होतं. ते त्यांनी अजून मनात धरलंय, मला माहीत आहे.

दवाखान्यात त्यांना खुर्चीवर बसवलं, त्यांच्या पायाशी परात ठेवली आणि थर्मास उघडला. गुडघे वाकेनात, म्हणून बाकड्याला धरून खाली बसले.

"अहो, हे काय करताय?"

"पाय धुते. आज तुम्ही वरमाई. मान तुमचा, सुईही तुमची."

"उठा आधी. लोक बघताहेत."

"बघू देत. पाणी गरम आहे, मी बोट घालून बघितलंय. चप्पल काढा."

बाहेर बसलेले सगळे म्हातारे माना वाकड्या करून आत बघायला लागले. एका सरदारजींनी आपल्या बायकोला हाक मारून उठवलं. नर्स ओरडली की फर्श गीला मत करना. मी विहीणबाईंची एक चप्पल काढली. दुसरीला हात घातला तसा त्यांनी पाय वर घेतला आणि दंड नर्सपुढे केला.

"लगा दो बहनजी, जल्दी लगा दो. नहीं तो ये धो देंगी."

नर्सने टोचलं. विहीणबाईंनी डोळे मिटून माझा खांदा असा धरला की त्यांच्या दंडापेक्षा माझा खांदाच जास्त दुखला. मग मला उठवायला सून आणि नर्स दोघी लागल्या.

विहीणबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. हात दुखतो हे भिंतीला सांगत होत्या. पुढच्या आठवड्यात मी लस घेतली, तेव्हा मात्र आपणहून बरोबर आल्या आणि मी तोंड वाकडं करते का ते समोर उभं राहून बघितलं.

जानेवारीत त्यांना सर्दी झाली, खोकला लागला. सुनेचा चेहरा उतरला. लगेच रिक्षा करून डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरने पाठ, छाती सगळं तपासलं आणि म्हणाला की साधी सर्दी आहे, छाती एकदम साफ. लसीमुळे की कानाला बांधलेल्या मफलरमुळे, हे मी काही सांगू शकत नाही.

घरी आल्यावर सून स्वयंपाकघरात जाऊन रडायला लागली. मी तिच्यापुढे कांदे ठेवले आणि म्हटलं, रडतेच आहेस तर एवढे चिरून टाक, रात्री भजी करू.